चहा सांडू द्या!

पायलटची परीक्षा घेण्याची आमच्या दाजींची एक स्वतंत्र पद्धत आहे. विमान उतरताना पेल्यातला चहा हिंदकळला की पायलट नापास. उतरण्यापूर्वीच पेले गोळा करून नेतात, हा तपशील दाजींना मान्य नाही.

गेल्या जुलैत मी दिल्लीहून मुंबईला येत होतो. विमान खड्ड्यांतून जाणाऱ्या एस.टी.च्या मागच्या बाकासारखं उडत होतं. घरांवरची निळी प्लास्टिकं दिसू लागली. हुश्श म्हणावं, तोच इंजिनं गरजली, नाक वर झालं आणि मुंबई पुन्हा ढगात गेली. अर्ध्या तासाने दुसऱ्या खेपेला उतरलो, तेही दणकन! शेजारचे गृहस्थ म्हणाले, "शिकाऊ दिसतोय." मागचा एकजण चुकलेल्या गाडीची भरपाई मागत होता. घरी आलो तर दाजींचा निकाल तयार. "अरे, आमच्या वेळी एका दमात उतरवायचे!"

या समस्त मंडळींशी मला भांडायचं आहे. (दाजींशी समोरासमोर भांडता येत नाही. ताई मध्ये पडते.)

वादळी ढगाखाली हवा काय करते? मोरीत बादली उपडी करून बघा. पाणी खाली आदळून चारी बाजूंना पळतं. ढगातून कोसळणारी हवा तेच करते. विमान त्यात शिरतं तेव्हा आधी वारा समोरून येतो. वेगाचा काटा वर चढतो, विमान वर उचललं जातं. पायलटला वाटतं, वेग जास्त झाला. तो इंजिनाचा जोर कमी करतो. इथेच फसगत आहे. पुढच्याच क्षणी हवा डोक्यावर कोसळते आणि लगेच वारा पाठीमागून येतो. पंखांना अंगावर येणाऱ्या हवेचाच आधार, तीच गेली. जेट इंजिनाला पुन्हा पूर्ण जोर धरायला काही सेकंद लागतात आणि जमीन तर काहीशे फुटांवर!

२४ जून १९७५ रोजी न्यूयॉर्कच्या केनेडी विमानतळावर असंच वादळ होतं. एक मालवाहू विमान कसंबसं उतरलं आणि त्याच्या पायलटने टॉवरला बजावलं, धावपट्टी बदला. बदलली नाही. मागून आलेल्या ईस्टर्न ९०२ ने प्रयत्न सोडला आणि ते सरळ नेवार्कला गेलं. माझी खात्री आहे, त्यातले उतारू पायलटच्या नावाने खडे फोडत उतरले असणार. घ्यायला आलेली बायको केनेडीवर, आपण न्यू जर्सीत, वर टॅक्सीचा भुर्दंड! आणि काही मिनिटांनी त्याच कंपनीचं ईस्टर्न ६६ त्याच धावपट्टीकडे आलं. १२४ पैकी ११३ माणसं गेली.

या अपघाताचा अभ्यास करून फुजिता नावाच्या शास्त्रज्ञाने ती बादलीची गोष्ट मांडली. पुष्कळ विद्वानांना ती पटेना. १९८५ च्या ऑगस्टमध्ये डॅलसला डेल्टा १९१ अशाच झोतात सापडलं, १३७ बळी गेले. त्यानंतर अमेरिकेत विमानांवर या वाऱ्याची सूचना देणारी यंत्रं सक्तीची झाली.

आता त्या दणक्याविषयी. ओल्या धावपट्टीवर पाण्याचा थर असतो. चाकं तो थर फोडून जमिनीवर टेकली पाहिजेत, तरच ब्रेक लागतात. अलगद उतरवण्याच्या नादात विमान तरंगत राहतं आणि खालून धावपट्टी सरत जाते. ७ ऑगस्ट २०२० ला कोळिकोडला पाऊस होता, वारा पाठीमागून होता आणि खेप दुसरी होती. चाकं टेकली तेव्हा जवळजवळ अर्धी धावपट्टी मागे पडली होती. विमान टोकावरून खाली गेलं. दोन्ही वैमानिकांसह २१ जण गेले.

म्हणून नियम असा, की हजार फुटांवर वेग, दिशा, उतार सगळं जागच्या जागी नसेल तर मुकाट्याने वर जायचं. मुकाट्याने जायचं पायलटने. आपण कसले गप्प बसतो! लग्नाला निघालेल्या वऱ्हाडाने पूर आलेल्या पुलाजवळ थांबलेल्या ड्रायव्हरला भित्रा म्हणावं, तसे आपण वागतो. पुलावरून गाडी घालणारा मात्र बहाद्दर! दहा किलोमीटर वरून आलेला माणूस, खाली घर दिसत असताना, वारा बरा नाही म्हणून परत फिरतो, याला छाती लागते हो.

त्या दिवशी उतरताना मी दारातल्या मुलीला म्हटलं, "कॅप्टनसाहेबांना काही सांगायचं होतं." तिचा चेहरा पडला. तिने मुकाट्याने एक कार्ड पुढे केलं, तक्रारीसाठी ई-मेलचा पत्ता. घरी येऊन मी त्या पत्त्यावर लिहिलं, 'पहिल्या खेपेला न उतरवल्याबद्दल मनापासून आभार.'

तीन दिवसांनी उत्तर आलं. 'आपणास झालेल्या गैरसोयीबद्दल आम्ही दिलगीर आहोत. पुन्हा असे होणार नाही.'