फ्लॅश कार्डे विकत घ्यावीत का?

नाशिकच्या महात्मा गांधी रस्त्यावर तुम्ही परीक्षेआधी वह्या-पुस्तके घ्यायला गेलात, की गाईड आणि अपेक्षित प्रश्नसंच यांच्या जोडीला फ्लॅश कार्डांचा रंगीत संचही खुणावू लागतो. कार्डाच्या एका बाजूला प्रश्न, दुसऱ्या बाजूला उत्तर. हा संच घेतला तर मार्क वाढतील का?

माझे मत असे : कार्डांचा उपयोग नक्की होतो, पण ती विकत घेतली, तर त्या उपयोगाचा मोठा भाग आपण गमावतो.

आधी उपयोग कशाने होतो ते पाहू. अमेरिकेतील रोडिगर व कार्पिक या मानसशास्त्रज्ञांनी २००६ साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. काही विद्यार्थ्यांनी एक उतारा चार सत्रांत वाचला. दुसऱ्या गटाने तो एकाच सत्रात वाचला आणि पुढच्या तीन सत्रांत न पाहता, आठवून लिहून काढला. पाच मिनिटांनंतर पहिल्या गटाला ८३ टक्के मजकूर आठवला, दुसऱ्याला ७१ टक्के. परंतु आठवड्यानंतर चित्र उलटे झाले. पहिला गट ४० टक्क्यांवर घसरला, दुसरा ६१ टक्क्यांवर राहिला. पुन्हा पुन्हा वाचल्याने मजकूर ओळखीचा होतो आणि 'आपल्याला येते' असे वाटू लागते. स्मरण पक्के होते ते मात्र आठवण्याच्या कष्टाने. कार्ड आपल्याकडून हेच कष्ट करून घेते.

मग विकतच्या कार्डात काय बिघडले? प्रश्न काढणे हाही अभ्यासच आहे, आणि तो दुसऱ्याने करून ठेवलेला असतो! समजा, विकतच्या कार्डावर 'बेसॉल्ट कोणत्या प्रकारचा खडक आहे?' असे छापले आहे. मागे उत्तर : 'अग्निजन्य'. झाले! पण पांडवलेणी पाहून आलेली विद्यार्थिनी विचारील, 'या लेण्यांच्या खडकाचे कण इतके बारीक का?' उत्तरासाठी तिला पुस्तक उघडावे लागेल. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हारस भूपृष्ठावर पसरून लवकर थंड झाला, स्फटिकांना मोठे व्हायला वेळच मिळाला नाही, हे तिला समजून घ्यावे लागेल. कार्ड लिहून होईपर्यंत तिचा निम्मा धडा झालेला असेल.

विकतची कार्डे अगदीच टाकाऊ आहेत असे नाही. मूलद्रव्यांच्या संज्ञा किंवा इंग्रजी शब्दांचे अर्थ अशा एका शब्दाच्या उत्तरांना ती चालतात. घरात संच असेल तर जरूर वापरा. मात्र उत्तर आधी मोठ्याने म्हणा आणि मगच कार्ड उलटा. शंका आली तर पाठ्यपुस्तक पाहा. पण संच परवडत नाही म्हणून कोणी खट्टू होऊ नये.

जुन्या लग्नपत्रिकांच्या कोऱ्या बाजू कापल्या की उत्तम कार्डे मिळतात. बुटांच्या खोक्यात पुठ्ठ्याचे तीन कप्पे करा. सेबास्टियान लाइटनर या विज्ञानलेखकाने १९७२ साली सुचवलेल्या पद्धतीचे हे सोपे रूप आहे. पहिल्या कप्प्यातली कार्डे रोज पाहा, दुसऱ्यातली तीन दिवसांनी, तिसऱ्यातली आठवड्याने. उत्तर बरोबर आले की कार्ड पुढच्या कप्प्यात जाईल. चुकले की थेट पहिल्यात. त्यामुळे वेळ खर्च होतो तो न येणाऱ्या गोष्टींवर. आकृत्या, गणिते आणि दीर्घ उत्तरे मात्र कागदावर सोडवूनच पक्की होतात. ते काम कार्डावर सोपवू नका.

शिक्षकांना एक विनंती. धडा संपल्यावर प्रत्येकाला दोन कार्डे करायला सांगावी आणि ती वर्गात बदलून घ्यावी. कोणाला काय समजले नाही, हे प्रश्नांवरूनच कळेल.

आणि माझ्यावर विश्वास ठेवू नका, प्रयोग करा! दोन धडे निवडा. अर्ध्या वर्गाने पहिल्या धड्याची कार्डे स्वतः करावी व दुसऱ्याची तयार कार्डे वापरावी. उरलेल्यांनी याच्या उलट. दोन्ही धड्यांना वेळ सारखाच द्या. आठवड्याने चाचणी घ्या व गुण मांडा. निकाल माझ्या मताविरुद्ध गेला, तर निकालच खरा माना.