‘औषध घेतलं’ म्हणजे काय, हे पुस्तकात नाही

विदर्भ-मराठवाड्यातल्या सरकारी रुग्णालयांत एक वाक्य वरचेवर कानावर पडतं: ‘डॉक्टरसाहेब, याने औषध घेतलं.’ मराठी मुलखात वाढलेल्याला त्याचा अर्थ सांगावा लागत नाही. औषध म्हणजे फवारणीचं औषध, कीटकनाशक. पण सरकारी वैद्यकीय महाविद्यालयांतल्या पदव्युत्तर जागांपैकी निम्म्या अखिल भारतीय कोट्यातून भरतात. केरळ, राजस्थान, बिहारमधून मानसोपचार शिकायला आलेली मुलंमुली पहिल्या महिन्यातच ओपीडीत बसतात. त्यांना हे वाक्य कोण समजावणार? एप्रनच्या खिशातलं छोटं पुस्तक तर लंडनला किंवा न्यूयॉर्कला लिहिलेलं असतं.

त्या पुस्तकाला नावं ठेवायचं मात्र काही कारण नाही. कॅप्लान आणि सॅडॉक यांच्या जाडजूड ग्रंथाची खिशात मावणारी आवृत्ती, डेव्हिड सेम्पल आणि सहकाऱ्यांचं २००५ साली आलेलं ‘ऑक्सफर्ड हँडबुक’, लंडनच्या मॉड्स्ली रुग्णालयाची औषधांची मार्गदर्शिका यांनी कित्येक पेशंटांचे जीव वाचवले असतील. रात्री दोन वाजता मेडिसिन वॉर्डातून रेफरन्स येतो. विषबाधेसाठी अ‍ॅट्रोपिन दिलेला पेशंट बडबडतोय, चादर ओढतोय, हवेतलं काहीतरी पकडतोय. हा वेड लागण्याचा प्रकार नसून त्याच अ‍ॅट्रोपिनमुळे आलेला भ्रमिष्टपणा असू शकतो, हे पुस्तक नेमकं सांगतं. दारू पिऊन कुपोषित झालेल्या माणसाला ग्लुकोजची बाटली लावण्याआधी थायमिन द्या, क्लोझापिन साडेबारा मिलिग्रॅमपासूनच सुरू करा आणि पहिले १८ आठवडे दर आठवड्याला रक्तातल्या पांढऱ्या पेशी मोजा, हेही सांगतं. लिथियमचं प्रमाण साधारण ०.६ ते १.० मध्ये राखायचं असतं, १.५ च्या वर गेलं की विषबाधेचा धोका सुरू होतो. गुडघेदुखीसाठी पेशंटने दुकानातून आणलेली आयबुप्रोफेनची गोळीसुद्धा ते प्रमाण वर नेऊ शकते. सलग ड्युटी करून थकलेल्या डॉक्टरने असल्या आकड्यांसाठी आठवणीवर विसंबू नये. समोरचा डॉक्टर पुस्तक उघडून डोस तपासतोय म्हणून नातेवाइकांनी भुवया उंचावण्याचं काही कारण नाही. न तपासणाऱ्याचीच धास्ती जास्त वाटायला हवी.

आणि या पुस्तकांतलं सगळंच काही परदेशातून आलेलं नाही. आक्रमक, अनावर झालेल्या पेशंटला शांत करण्यासाठी हॅलोपेरिडॉल आणि प्रोमेथाझिन ही दोन इंजेक्शनं एकत्र द्यावीत, या शिफारशीमागचा भक्कम पुरावा ब्राझीलमधल्या रिओच्या आणि आपल्या वेल्लोरच्या अभ्यासांतून उभा राहिला. वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजने २०० पेशंटांवर केलेला पहिला अभ्यास २००४ साली प्रसिद्ध झाला. भारतातल्या गर्दीच्या, मनुष्यबळाची टंचाई असलेल्या वॉर्डात विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर जगाच्या पुस्तकांत गेलं.

अडचण डोसाच्या पानावर नाही. ती प्रश्नाच्या पानावर आहे.

मानसोपचारात एक्स-रे नसतो, बोलणं असतं. पेशंटच्या मन:स्थितीची तपासणी म्हणजे त्याच्याशी केलेल्या संभाषणाची शिस्तशीर नोंद. इंग्रजी पुस्तकातला प्रश्न नवखा डॉक्टर शब्दश: मराठीत आणतो: ‘तुम्हाला आवाज ऐकू येतात का?’ पेशंट म्हणतो, ‘येतात की, मी काय बहिरा आहे?’ आणि कागदावर भास असल्याची चुकीची नोंद होते किंवा खरा भास निसटतो. ‘जवळपास कुणी नसताना कुणी बोलल्यासारखं कानावर येतं का? ओळखीचा आवाज असतो की परका? तुमच्याबद्दल बोलतात की तुम्हाला काही करायला सांगतात?’ असं विचारलं तर उत्तर मिळतं. मरणाच्या विचारांचंही तसंच. ‘आत्महत्या’ हा शब्द थेट समोर ठेवला की पुष्कळदा मान नकारार्थी हलते. ‘जगण्याचा कंटाळा आलाय का? झोपेतच डोळे मिटले तर बरं, असं वाटतं का? जिवाचं काही बरंवाईट करावं, असं मनात येतं का? कसं करायचं, तेही ठरवलंय का?’ या पायऱ्यांनी गेलं तर माणूस बोलतो. तो बोलला म्हणजे घरातला फवारणीचा डबा कुलपात ठेवायला सांगता येतं.

नैराश्याचा पेशंट ‘मी उदास आहे’ म्हणत येतो, असं फारसं घडत नाही. त्याचं डोकं जड झालेलं असतं, हातापायांना मुंग्या येतात, छातीत धडधडतं, अन्न गोड लागत नाही, कामात जीव लागत नाही. ‘टेन्शन’ हा शब्द तर चिंतेपासून भांडणापर्यंत सगळ्याला चालतो. ‘अंगात येतं’ म्हटल्यावर लगेच आजाराची नोंद करायची नसते. आजारांच्या जागतिक वर्गीकरणात, ‘आयसीडी-१०’ मध्ये, संचाराला स्वतंत्र क्रमांक आहे. पण समाजाने मान्य केलेल्या धार्मिक प्रसंगाबाहेर, माणसाच्या इच्छेविरुद्ध ते होत असेल तरच तो द्यायचा, असं तिथेच लिहिलेलं आहे. नवरात्रात देवीसमोर घुमणारी बाई आणि रोज दुपारी चुलीपुढे बेशुद्ध पडणारी नवी सून यांच्यातला फरक विचारूनच काढावा लागतो. ‘धातू जातो’ या तक्रारीला १९६० साली डॉ. नरेंद्र विग यांनी वैद्यकीय नाव दिलं आणि ती जागतिक वर्गीकरणात पोचली. म्हणजे इथल्या माणसांचं म्हणणं कुणी नीट ऐकून लिहिलं, तर पुस्तक बदलतं.

अमूर्त विचार करता येतो का हे पाहायला म्हणीचा अर्थ विचारायची जुनी रीत आहे. काचेच्या घरात राहणाऱ्याने दगड मारू नये, ही इंग्रजी म्हण भाषांतर करून विचारली तर मराठी शेतकरी गोंधळणार आणि त्याचा गोंधळ आजाराच्या खात्यावर जाणार. ‘नाचता येईना अंगण वाकडे’ विचारा, लगेच उलगडा होतो. निर्णयशक्तीसाठी विचारतात की रस्त्यात पत्ता लिहिलेलं, तिकीट लावलेलं पाकीट सापडलं तर काय कराल? आजच्या विशीतल्या पेशंटने आयुष्यात असं पाकीट पाहिलेलं नसतं. शंभरातून सात वजा करत जा, हेही निरक्षर आजीला विचारून काय उपयोग? हरियाणातल्या बल्लभगढमध्ये संशोधकांनी याच कारणासाठी स्मृती-तपासणीचं अमेरिकी साधन निरक्षर ग्रामीण वृद्धांसाठी हिंदीत नव्याने घडवलं आणि १९९५ साली प्रसिद्ध केलं. असं काम किती काळजीपूर्वक करावं लागतं, याचा तो नमुना आहे.

छोट्या पुस्तकाचा आणखी एक धोका अमेरिकेने अनुभवला. १९८० साली ‘डीएसएम-३’ हे मानसिक आजारांचं वर्गीकरण आलं. निदानासाठी लक्षणांच्या याद्या ठरल्या आणि त्या याद्यांची खिशातली आवृत्तीही निघाली. निदानात एकवाक्यता आली, तो मोठा लाभ होता. पण हे वर्गीकरण घडवणाऱ्या गटातल्याच नॅन्सी अँड्रियासन यांनी २००७ साली लेख लिहून सांगितलं की विद्यार्थी आता यादी पाठ करतात आणि पेशंटची कहाणी ऐकण्याची कला मागे पडली. नऊपैकी पाच लक्षणं भरली की निदान झालं, असं वाटू लागतं. पीक बुडालं, लेकीचं लग्न मोडलं, सावकार दारात आला, हे यादीत कुठेच बसत नाही. उपचार ठरवायला मात्र तेच लागतं.

कायद्याची पानं तर उघडच निरुपयोगी ठरतात. ब्रिटिश पुस्तकात ब्रिटनचा कायदा असतो. आपला मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१७ चा, २९ मे २०१८ पासून लागू झालेला. त्याच्या कलम ९४ नुसार तातडीचे उपचार आपल्याकडे ७२ तासांपर्यंत करता येतात, पण त्या कलमाखाली विजेचे झटके देता येत नाहीत. भूल न देता झटके देण्यावर सरसकट बंदी आहे. कलम ११५ म्हणतं की आत्महत्येचा प्रयत्न करणारा माणूस तीव्र तणावाखाली होता असंच धरावं आणि सरकारने त्याची काळजी घ्यावी. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत आत्महत्येच्या प्रयत्नाला गुन्हा ठरवणारं जुनं कलम ३०९ नाही. तरीही पोलीस केसच्या भीतीने घरचे ‘चुकून प्यायला’ म्हणत राहतात. त्यांना धीर देणारी दोन वाक्यं निवासी डॉक्टरच्या खिशात असायला नकोत का?

म्हणून इथल्या डॉक्टरांसाठी आपली खिशातली पुस्तिका हवी. नव्या नियमांमुळे ही गरज आणखी निकडीची झाली आहे. पदव्युत्तर विद्यार्थ्यांना आता तीन महिने जिल्हा पातळीवर काम करावं लागतं. तिथे विभागातले सीनियर शेजारी नसतात. नंदुरबारला समोर भिली बोलणारी आई असते, गडचिरोलीत गोंडी बोलणारा बाप. तेव्हा एकच प्रमाण मराठी पुस्तक काढून भागणार नाही, ही हरकत रास्त आहे. मग प्रत्येक जिल्ह्यासाठी चार पानं जोडावीत. मोबाइलवर सगळं मिळतं, ही दुसरी हरकत तितकी टिकत नाही. मोबाइलवर क्लोझापिनचा डोस मिळतो, ‘औषध घेतलं’ मिळत नाही.

मॉड्स्लीची मार्गदर्शिका १९९४ साली सुरू झाली ती त्या रुग्णालयातल्या डॉक्टरांच्या उपयोगासाठी. आपल्या गरजेपुरतं लिहिलेलं ते पुस्तक आज जगभर वापरलं जातं. ठाणे, पुणे, नागपूर, रत्नागिरी इथली प्रादेशिक मनोरुग्णालयं आणि राज्यातले मानसोपचार विभाग यांच्याकडे पेशंटांच्या बोलण्याचा केवढा साठा आहे. नाशिकच्या आरोग्य विज्ञान विद्यापीठाने तो गोळा करण्याचं काम हाती घ्यावं. लोकांचे शब्द, त्यांना कळतील असे प्रश्न, कायद्याची दोन पानं, जिल्हा रुग्णालयात खरोखर मिळणाऱ्या औषधांची यादी आणि मराठीतूनही मदत देणाऱ्या टेली-मानस या मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक, एवढं शंभर पानांत बसेल. लिहिताना परिचारिका, समाजसेवक आणि बऱ्या झालेल्या पेशंटांना सोबत घ्यावं. निवासी डॉक्टरांची पुढची तुकडी जिल्ह्यांत जाण्याआधी ही पुस्तिका त्यांच्या हातात द्यावी.