महिन्याचे पाउंड नंतर, आधी किल्ल्यांचं बोला!

परदेशात छोटा धंदा करणारी आपली मंडळी जागेचा करार दहादा वाचतात, वकिलाला दाखवतात. कॉम्प्युटरची देखभाल मात्र 'ओळखीतला मुलगा आहे, बघून घेईल' यावर सोडतात. फार तर महिन्याचे किती पाउंड, एवढं विचारतात. माझ्या मते हा प्रश्न सगळ्यात शेवटी यायला हवा.

लंडनच्या हॅरो भागात आमचं पाच जणांचं हिशेबाचं ऑफिस आहे. लोकांचे पगार, बँक खाती, पत्ते, सगळं आमच्याकडे. अशी माहिती फुटली आणि त्यातून लोकांना धोका असेल, तर इथल्या कायद्याप्रमाणे कळल्यापासून ७२ तासांत माहिती आयुक्तांच्या कार्यालयाला कळवावं लागतं. तिथे 'आमच्या कॉम्प्युटरवाल्याला विचारा' म्हणून सुटता येत नाही.

म्हणून पहिला प्रश्न: किल्ल्या कोणाकडे? आमच्या एका गिऱ्हाइकाने कंपनी बदलायची ठरवली, तेव्हा कळलं की त्याच्या वेबसाइटचं नाव जुन्या कंपनीच्याच नावावर नोंदलेलं आणि मुख्य पासवर्डही त्यांच्याकडेच. तीन आठवडे बिचाऱ्याचं ईमेल अडकलं. नोंदणी आपल्याच नावावर हवी आणि सोडून जाताना काय-काय परत मिळणार, ते करारात लिहिलेलं हवं.

दुसरा: बॅकअप शेवटचा कधी उघडून पाहिला? 'रोज होतो हो' हे उत्तर नव्हे. समोर एक फाइल परत आणून दाखवा म्हणावं.

तिसरा: अपडेट कोण बसवणार? मे २०१७ मध्ये 'वॉनाक्राय'ने इथल्या सरकारी रुग्णालयांची कामं ठप्प केली. त्यावरची दुरुस्ती मायक्रोसॉफ्टने मार्चमध्येच दिली होती. बसवायची राहिली, तिथे घात झाला.

आणि 'चार तासांत प्रतिसाद' या शब्दांना भुलू नका. प्रतिसाद म्हणजे फोन उचलणं, दुरुस्ती नव्हे. दुरुस्तीला किती वेळ, ते वेगळं विचारा.

पुण्यातला भाचा हुशार असतो, प्रेमाने मदतही करतो. पण इथे दुपारी चारला सर्व्हर बसला, तर तिकडे रात्रीचे साडेआठ-साडेनऊ झालेले असतात. दिवसभर नोकरी करून आलेल्या पोराला जेवणावरून उठवायचं तरी किती वेळा? आपल्या माणसाला काम जरूर द्या, पण रीतसर करार करून, पूर्ण पैसे देऊन. त्यात धंदाही सांभाळला जातो आणि नातंही.