रांगोळी तिची, पावतीपुस्तक त्याचं

कॉलेजातल्या करिअर मार्गदर्शनाच्या शिबिरांत एक वाक्य हमखास ऐकू येतं. नुसत्या मार्कांवर नोकरी मिळत नाही, गॅदरिंग, युवक महोत्सव, एन.एस.एस. यांत काम करा, त्यातून नेतृत्व येतं. वाक्य खोटं नाही, पण अर्धवट आहे. कोणतं काम केलं की कोणता गुण येतो, हे त्यात कुणी सांगत नाही. रांगोळी काढून जे येतं आणि मांडववाल्याशी घासाघीस करून जे येतं, ते एकच आहे का?

गेली दहा-बारा वर्षं मी तालुक्याच्या गावांत काम करते आहे. आठ मार्चच्या निमित्तानं, लैंगिक छळाविषयी बोलायला, कधी नुसतं बक्षीस वाटायला कॉलेजांत जाणं होतं. पाहुणी म्हणून गेले तरी माझी नजर व्यासपीठाच्या मागे जाते. दारात औक्षणाचं तबक घेऊन मुली. रांगोळी मुलींची. पाहुण्यांना गुच्छ नेऊन देणाऱ्या मुली, ईशस्तवन मुलींचं, सूत्रसंचालनात एक मुलगी असतेच. प्रमाणपत्रांवर नावं लिहायची तर 'अक्षर चांगलं' म्हणून मुली. नॅकची समिती येणार असली की नऊवारी आणि नथ. (मूल्यमापन शिक्षणाचं होतं की नथीचं, असा मला दरवेळी प्रश्न पडतो.) आणि मुलं? मांडव, साऊंड, जनरेटर, जेवणाचं कंत्राट, स्मरणिकेच्या जाहिराती, पोलीस ठाण्याची परवानगी, आमदारांच्या बंगल्यावर निमंत्रणपत्रिका. पावतीपुस्तक मुलाच्या पाकिटात, सभागृहाची किल्ली मुलाच्या खिशात.

आता हाच मुलगा आणि हीच मुलगी पदवी घेऊन बाहेर पडतात तेव्हा काय होतं ते पाहा. त्याच्या फोनमध्ये डेकोरेटरचा, छापखान्याचा, ठाण्यातल्या हवालदाराचा, तीन-चार दुकानदारांचा आणि एका पुढाऱ्याच्या पी.ए.चा नंबर असतो. ॲडव्हान्स किती द्यायचा, उरलेले पैसे कधी अडकवून ठेवायचे, 'साहेब बाहेर गेलेत' हे खरं कधी आणि खोटं कधी, हे त्याला कळतं. पाच-पन्नास हजार रुपये हाताळून त्यांचा हिशेब दिल्याचा, किंवा न देता सुटल्याचा, अनुभव त्याच्या गाठीला असतो. तो मुलाखतीला गेला की 'मी बजेट सांभाळलं, प्रायोजक आणले' असं सांगतो, आणि नोकरी नाहीच मिळाली तर स्वतःचं मांडवाचं, केटरिंगचं, छपाईचं काहीतरी सुरू करतो. नाहीतर पंचायत समितीला उभा राहतो. ती काय सांगणार? 'मी स्वागत समितीत होते.' मग तिला नोकरीतही स्वागतच मिळतं. रिसेप्शन, फ्रंट ऑफिस, शाळेतलं 'सांस्कृतिक विभाग तुम्ही बघा मॅडम'. तिची हुशारी कुणी नाकारत नाही. तिला व्यवहाराचा अनुभव नाही, एवढंच म्हणतात. तो अनुभव तिच्यापासून कुणी आणि कसा दूर ठेवला, हे विचारलं जात नाही.

ही विभागणी आपोआप झालेली नाही. कॉलेजच्या विद्यार्थी मंडळात वर्षानुवर्षं दोन पदं होती: जी.एस. आणि एल.आर. जी.एस. म्हणजे सगळ्यांचा. एल.आर. म्हणजे फक्त मुलींची. जी.एस. मुलगी व्हायला कायद्यानं बंदी कधीच नव्हती, पण मुलींसाठी एक वेगळी खुर्ची मांडलेली असली की मोठ्या खुर्चीकडे बोट दाखवणारी आगाऊ ठरते. 1989 मध्ये मुंबईत कॉलेज निवडणुकीच्या वैरातून एका विद्यार्थी नेत्याचा खून झाला. 1994 च्या विद्यापीठ कायद्यानं मार्कांवर प्रतिनिधी घेण्याची पद्धत आणली. माझी कॉलेजची वर्षं त्याच पद्धतीत गेली. वर्गात पहिली येणारी मुलगी आपोआप मंडळावर यायची, त्यामुळे आमच्याकडे मंडळात मुलीच जास्त होत्या. तरी सचिव मुलगाच झाला. मंडळावर नसलेली, दोनदा नापास झालेली मुलंही मांडवाचा सौदा करायला सरांबरोबर जायची, आणि मंडळावरच्या आम्ही मुली रंगीत कागदाच्या पताका चिकटवत बसायचो. 2016 च्या सार्वजनिक विद्यापीठ कायद्यानं निवडणुकांची तरतूद परत आणली. त्यातही अध्यक्ष, सचिव आणि वेगळी महिला प्रतिनिधी अशीच रचना आहे. आरक्षित जागा मला हवीच आहे. पण त्या जागेला काम कोणतं, अधिकार कोणता, हे ठरत नाही तोवर ती एल.आर.चीच नवी आवृत्ती.

प्राचार्यांना विचारलं तर ठरलेलं उत्तर येतं: 'मुलीच नको म्हणतात हो.' का नको म्हणतात, ते त्यांच्या घड्याळात पाहिलं तर कळेल. लाऊडस्पीकर कायद्यानं रात्री दहाला बंद करावा लागतो. हिशेब त्यानंतर सुरू होतो. मांडववाला तेव्हा पैसे मागतो, जेवणाची ताटं तेव्हा मोजली जातात, उरलेल्या पैशाचं काय करायचं हे तेव्हा ठरतं, आणि पुढच्या वर्षी सचिव कोण हेही बहुधा त्याच जेवणाच्या पंगतीत ठरतं. त्या वेळी वसतिगृहातल्या मुली कुठे असतात? फाटकाच्या आत, कधीच्या. मुलांच्या वसतिगृहाचं फाटक तेव्हा उघडं असतं. आसपासच्या खेड्यांतून येणाऱ्या मुलींना तर शेवटची एस.टी. गाठायची असते. ती चुकली की दुसऱ्या दिवसापासून कॉलेज बंद, ही घरची अट असते. मुलगा मित्राच्या खोलीवर झोपतो किंवा मोटरसायकलवरून येतो. 'कमवा व शिका' योजनेत काम करणाऱ्या मुलीला तर दुपारचाही वेळ नसतो. दोन तास ग्रंथालयात पुस्तकं लावून झाली की तिला वर्गात जायचं असतं. समितीच्या बैठकीला ती आली नाही, म्हणजे तिला 'आवड नाही'. दलित वस्तीतली, भटक्या समाजातली, पहिल्यांदाच कॉलेजात आलेली मुलगी आणखीच बाजूला पडते. तिला ना पताका चिकटवायला कुणी बोलावतं, ना सूत्रसंचालनाला, कारण 'भाषा शुद्ध लागते'.

सुरक्षेचं कारण पुढे येईल, म्हणून ते आधीच घेते. विद्यापीठ अनुदान आयोगाचे लैंगिक छळविरोधी नियम 2015 चे आहेत आणि मे 2016 मध्ये ते अधिसूचित झाले. मुलींच्या सुरक्षिततेचं कारण सांगून वसतिगृहात मुलांपेक्षा वेगळे, भेदभाव करणारे नियम लावता येणार नाहीत, असं त्यांत स्पष्ट म्हटलं आहे. 2015 मध्ये दिल्लीत 'पिंजरा तोड' म्हणत मुली रस्त्यावर आल्या, त्या याच फाटकांविरुद्ध. गॅदरिंगमध्ये छेडछाड होते, हे मी नाकारत नाही. त्या तक्रारी ऐकण्याचं कामच मी करते. पण छेड काढणारा बाहेर आणि मुलगी आत कोंडलेली, हा कोणता बंदोबस्त? मांडवात जाहिरातदारांचे दहा फलक लागतात. अंतर्गत तक्रार समितीच्या सदस्यांची नावं आणि फोन नंबर असलेला एक फलक का लागत नाही?

वेगळं घडू शकतं, हे मला एन.एस.एस.च्या शिबिरांत दिसलं आहे. 1969 पासून ही योजना चालू आहे, आणि तिचं सात दिवसांचं निवासी शिबिर दत्तक गावात होतं. तिथे फाटक नसतं, शाळेच्या दोन खोल्या असतात. एखादी कार्यक्रम अधिकारी बाई खमकी असली आणि तिनं रोज कामं बदलायची म्हटली, की मुलगे भाकरी भाजायला बसतात आणि मुली सरपंचाकडे पाण्याचा टँकर मागायला जातात. तिसऱ्या दिवशी मुली सरपंचाशी ज्या आवाजात बोलतात तो त्यांनी स्वतःसुद्धा आधी ऐकलेला नसतो. (मुलांच्या भाकऱ्यांबद्दल न बोललेलं बरं.) बाई मवाळ असल्या की तिथेही भोजन समिती मुलींची.

माझ्या हातात पहिल्यांदा पावतीपुस्तक आलं ते एम.एस.डब्ल्यू.च्या क्षेत्रकार्यात. वस्तीत आरोग्य मेळावा घ्यायचा होता. जागेसाठी नगरसेवकाच्या ऑफिसात तीन फेऱ्या, ठाण्यात अर्ज, सतरंज्या भाड्यानं, आणि पर्यवेक्षक मॅडमची अट अशी की चहाच्या कपाचासुद्धा हिशेब लेखी हवा. समाजकार्याच्या पुस्तकांतून मी पुष्कळ शिकले. पण आज तहसीलदारासमोर बसून 'लेखी द्या' म्हणायला जीभ अडखळत नाही, ती त्या सतरंज्यांमुळे. पदवीच्या तीन वर्षांत मला हे कुणी शिकू दिलं नव्हतं. समाजकार्याला आले नसते तर कधी शिकले असते, कोण जाणे. जाहिरातवाल्यांनी 'इव्हेंट' हा शब्द कितीही चकचकीत केला तरी आपलं काम दुसरं काय आहे? मोर्चा काढायचा तर मार्ग ठरवा, परवानगी घ्या, ट्रक ठरवा, पाणी, माईक, आजारी बाईला घरी पोचवायची सोय, आणि शेवटी खर्चाचा कागद. धरणं, शिबिर, जनसुनवाई, सगळ्यांच्या पोटात हेच.

म्हणून हा विषय मी नोकऱ्यांच्या सल्लागारांवर सोडायला तयार नाही. महाराष्ट्रात स्थानिक स्वराज्य संस्थांत 2011 पासून स्त्रियांना निम्म्या जागा आहेत. तरी ग्रामपंचायतीत सरपंचपती नावाचा प्राणी खुर्चीमागे उभा असतो, आणि आपण त्याच्यावर लेख लिहितो, प्रशिक्षणं घेतो. त्या नवऱ्यानं व्यवहार कुठे शिकला? टिळकांनी 1893 पासून सार्वजनिक गणेशोत्सवाला चालना दिली. तेव्हापासून गावोगावचं मंडळ ही पोरांची शाळा आहे: वर्गणी, परवानगी, मिरवणूक, हिशेब. बायकांना त्या शाळेत आरतीचं ताट आणि हळदीकुंकू. कॉलेजात तरी हा धडा मुलींना मिळायला हवा होता, कारण मुली तिथे संख्येनं पोचल्या आहेत. 2021-22 च्या अखिल भारतीय उच्च शिक्षण सर्वेक्षणात 4.33 कोटी विद्यार्थ्यांपैकी 2.07 कोटी मुली होत्या. वर्गात जवळजवळ निम्म्या, आणि हिशेबाच्या टेबलावर किती?

आपल्यातल्या काही मैत्रिणी म्हणतील, कॉलेजचे महोत्सव आता कंपन्यांची जाहिरातबाजी झाले आहेत, आपण मुलींना त्यात ढकलायचं का? मुंबईत 1971 साली 'मूड इंडिगो' आणि 1979 साली 'मल्हार' सुरू झाला. अशा महोत्सवांतला आजचा झगमगाट पाहून मलाही फार प्रेम वाटत नाही. पण बाजार वाईट म्हणून मुलींनी बाजारात जाऊ नये, हे आपण कधीपासून म्हणायला लागलो? प्रायोजकाचा पैसा नाकारायचा असेल तर तो नाकारण्याच्या खुर्चीवर आधी मुलगी बसलेली हवी. आणि तालुक्याच्या कॉलेजात प्रायोजक म्हणजे खताचं दुकान आणि मोबाईलवाला. त्यांच्या दारात जाऊन दोन हजार रुपये मागण्यात क्रांतीचा काही तोटा नाही.

दुसरी गोष्ट जास्त तातडीची आहे. नव्या शैक्षणिक धोरणानुसार महाराष्ट्रात पदवीच्या अभ्यासक्रमात सहशैक्षणिक उपक्रमांना आता श्रेयांक मिळतात. म्हणजे जे काम आजवर 'हौस' होतं ते गुणपत्रिकेवर येणार. मग मेंदी स्पर्धेचे श्रेयांक तिला आणि व्यवस्थापनाचे त्याला, अशी वाटणी कागदावरही होणार का? प्रमाणपत्रावर 'सक्रिय सहभाग' असं लिहिण्याची पद्धत आधी बंद करायला हवी. कुणी किती रुपयांचा हिशेब ठेवला, कुणी परवानगी आणली, कुणी दोनशे माणसांच्या जेवणाची व्यवस्था केली, तेच शब्दांत लिहा. मुलीनं स्वयंपाकघर सांभाळलं असेल तर तेही 'व्यवस्थापन' म्हणून लिहा, कारण मुलानं ते कंत्राटदाराकडून करून घेतलं की लगेच व्यवस्थापन होतं.

गॅदरिंगं बहुतेक ठिकाणी डिसेंबर-जानेवारीत होतात, समित्या त्याआधीच ठरतात. त्यामुळे आठ मार्चला भाषणाला जाऊन उपयोग नाही, दिवाळीच्या सुटीपूर्वी जायला हवं. आपल्या जवळच्या प्रत्येक कॉलेजच्या प्राचार्यांना गटाच्या लेटरहेडवर पत्र द्यावं आणि पोच घ्यावी. खजिनदारपद एक वर्ष मुलीकडे, एक वर्ष मुलाकडे. ठाण्यातल्या अर्जावर दोघांच्या सह्या. कार्यक्रमाच्या दिवसांत दोन्ही वसतिगृहांचं फाटक एकाच वेळी बंद. खेड्यातल्या मुलींना कॉलेजच्या खर्चानं घरी सोडायची किंवा मुक्कामाची सोय. आणि हिशेब रात्री पंगतीत न करता दुसऱ्या दिवशी दुपारी दोन वाजता, सूचनाफलकावर वेळ लावून. पत्राचा मसुदा आमच्याकडे तयार आहे. ज्या गटांना हवा असेल त्यांनी मासिकाच्या पत्त्यावर कळवावं, आणि प्राचार्य काय उत्तर देतात तेही पुढच्या अंकासाठी पाठवावं.