तंबूपासून मॅजेस्टिकपर्यंत

सिनेमा पाहावा की नाही, हा प्रश्न उलेमांकडे सोपवून आम्ही येथे फक्त धंद्याचे बोलतो.

सुरतचे अब्दुल अली युसूफ अली (जन्म १८८४) यांनी १९०१ पासून सिंगापूर, जावा, ब्रह्मदेश, सिलोन येथे तंबू ठोकून चित्रपट दाखविले. १९०८ नंतर ते हिंदुस्थानात फिरले. तंबू शंभर फूट लांब, पन्नास फूट रुंद; हजारभर माणूस बसे. १९१४ साली त्यांनी पुण्यात जन्मलेले पारशी व्यावसायिक अर्देशीर इराणी यांच्याशी भागीदारी केली. दोघांनी मुंबईचे अलेक्झांड्रा थिएटर घेतले, पुढे मॅजेस्टिक उभारले. १४ मार्च १९३१ रोजी पहिला भारतीय बोलपट ‘आलम आरा’ त्याच मॅजेस्टिकमध्ये लागला.

धाराशिवच्या उरुसात, तुळजापूर-येरमाळ्याच्या यात्रेत आपले कारागीर मंडप घालतात, लाइट-स्पीकर लावतात, शूटिंग करतात. ज्यांच्या हाती हुनर आहे, त्यांनी जन्मभर रोजंदारीवरच का राहावे? एकाकडे सामान, दुसऱ्याकडे हुनर, तिसऱ्याकडे ओळखी. तिघे मिळून धंदा उभा राहतो. भागीदार कोणत्या समाजाचा, हे पाहू नका. व्यवहाराला सच्चा आहे का, ते पाहा.

मात्र भागीदारी तोंडी नको. उधारीचे व्यवहार लिहून ठेवण्याची ताकीद सूरह बकराच्या २८२ व्या आयतीत आहे. हिस्सा किती, तोटा कोणाचा, वेगळे झाल्यास सामान कोणाचे, हे आधीच कागदावर आणा. १९३२ च्या भागीदारी कायद्यानुसार नोंदणी नसलेल्या फर्मला गिऱ्हाइकाकडील येणे वसूल करण्यासाठी सहसा दावा लावता येत नाही. भाऊ-भाऊ असलात तरी नोंदणी करा. नाती त्यानेच टिकतात, असे आमचे मत आहे.