ग्राफक्यूएल आलं म्हणून रेल्स आणि जँगो जाणार का? शॉपिफायच्या निर्णयाचा अर्थ काय?

इंटरनेटवर दुकान थाटून देणाऱ्या शॉपिफाय या कॅनडातल्या कंपनीने १ एप्रिल २०२५ पासून एक नियम लागू केला. तिच्या ॲप स्टोअरवर येणाऱ्या प्रत्येक नव्या ॲपने दुकानाची माहिती ग्राफक्यूएल या भाषेतच मागायची. आधीची रेस्ट पद्धत १ ऑक्टोबर २०२४ लाच 'जुनी' म्हणून जाहीर झाली होती.

अशी बातमी आली की डेव्हलपर मंडळींमध्ये एक वाद हमखास रंगतो. आता ग्राफक्यूएल शिकायचं की रेल्स, जँगो, लाराव्हेल? गंमत म्हणजे हा नियम करणाऱ्या शॉपिफायचा डोलारा रुबी ऑन रेल्सवरच उभा आहे. तिचे सहसंस्थापक टोबियास ल्युटके एकेकाळी रेल्स घडवणाऱ्या मुख्य चमूत होते. नियम आला, पण रेल्स जागच्या जागी आहे.

मग ही तुलना होते तरी कशी?

खरं तर व्हायला नको. रेल्स, जँगो, लाराव्हेल ही सर्व्हरवर चालणारी फ्रेमवर्क आहेत. वापरकर्त्याची विनंती घ्यायची, तो लॉगइन आहे का बघायचं, डेटाबेसमधून माहिती काढायची, तिचं पान बनवून पाठवायचं, ही सगळी कामं ती करतात. रेल्स २००४ मध्ये बेसकॅम्प या सॉफ्टवेअरमधून वेगळं काढलं गेलं. जँगोचा जन्म तर अमेरिकेतल्या कॅन्सस राज्यातल्या एका वृत्तपत्राच्या कचेरीत झाला आणि २००५ मध्ये ते सर्वांसाठी खुलं झालं. बातमीची वेळ टळायच्या आत वेबसाइट उभी करायची, ही तिथली गरज होती.

फ्रेमवर्क म्हणजे खानावळीचं अख्खं स्वयंपाकघर. ग्राफक्यूएल ही फक्त ऑर्डर लिहिण्याची पद्धत. डेटा कुठे ठेवलाय याच्याशी तिला देणंघेणं नाही. ऑर्डर कशीही लिहा, आत कुणीतरी चूल पेटवावीच लागते.

तरीही तुलना होते, कारण एक प्रश्न दोघांच्या मध्ये अडकलेला आहे: ताटात काय वाढायचं, हे कोण ठरवणार? सर्व्हरवरच पान बनत असेल तर सर्व्हर ठरवतो. रेस्टमध्येही प्रत्येक पत्त्यावर ठरलेली थाळी मिळते, दोनच पोळ्या हव्या असल्या तरी. ग्राफक्यूएलमध्ये मागणारा ठरवतो.

फेसबुकला याची गरज का पडली?

२०१२ मध्ये फेसबुकचं मोबाइल ॲप म्हणजे बऱ्याच अंशी ॲपच्या वेष्टनात गुंडाळलेली वेब पानं होती. ते रखडत चालायचं. एचटीएमएल५ वर इतकी भिस्त ठेवणं ही मोठी चूक होती, अशी कबुली मार्क झुकरबर्ग यांनी त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये जाहीरपणे दिली.

नवं ॲप फोनसाठीच लिहायचं ठरलं, तेव्हा अडचण समोर आली. सर्व्हर तयार पान देत होता, ॲपला हवी होती कच्ची माहिती. न्यूज फीडमधली एक पोस्ट दाखवायची तरी मजकूर, लिहिणाऱ्याचं नाव, फोटो, कमेंट, लाइकचा आकडा, इतकं लागतं. प्रत्येकासाठी वेगळी फेरी मारायची म्हणजे सातबारा एका खिडकीवर आणि फेरफार दुसऱ्या खिडकीवर, तेही मोबाइल नेटवर्कच्या रांगेत उभं राहून. ली बायरन, निक श्रॉक आणि डॅन शेफर यांनी बनवलेल्या ग्राफक्यूएलने हे एका फेरीत आणलं. २०१५ मध्ये फेसबुकने ते सर्वांसाठी खुलं केलं.

पुढच्याच वर्षी गिटहबने ते स्वीकारलं. डेटाबेसवर येणाऱ्या विनंत्यांपैकी ६० टक्क्यांहून अधिक रेस्ट एपीआयमुळे येतात, असं तेव्हा गिटहबने सांगितलं होतं. आणि हो, गिटहबही रेल्सवरच बांधलेलं आहे.

फुकट काहीच नाही

मागणाऱ्याला मोकळीक दिली की भार सर्व्हरवर येतो. समजा ५० पोस्ट आणि प्रत्येकीचा लेखक मागितला. सर्व्हर भाबडेपणाने लिहिलेला असेल तर पोस्टसाठी एक आणि लेखकांसाठी ५०, अशा ५१ क्वेरी डेटाबेसवर आदळतात. हा त्रास रेल्स आणि जँगोतही होतो. पण तिथे पानावर काय दिसणार हे लिहिणाऱ्याला आधीच ठाऊक असतं, म्हणून लेखक एकदमच मागवून ठेवता येतात. ग्राफक्यूएलमध्ये कोण काय मागेल याचा नेम नसतो. त्यासाठी फेसबुकला डेटालोडर नावाचं वेगळं साधन काढावं लागलं.

दुसरा धोका जास्त गंभीर आहे. एखाद्याने १०० मित्र, त्यांचे प्रत्येकी १०० मित्र आणि पुन्हा त्यांचे १०० मित्र मागितले, तर चार ओळींच्या क्वेरीतून १० लाख नोंदी निघतात. म्हणून गिटहबने एका क्वेरीला ५ लाख नोंदींची मर्यादा घातली आहे. शॉपिफाय प्रत्येक क्वेरीची 'किंमत' मोजतं आणि १,००० गुणांच्या वरची क्वेरी नाकारतं. मनसोक्त मागा, पण तराजू मालकाच्या हातात.

कॅशिंगचंही तसंच. रेस्टमध्ये प्रत्येक माहितीला स्वतःचा पत्ता असतो, त्यामुळे वाटेतले सर्व्हर उत्तर साठवून ठेवू शकतात. ग्राफक्यूएलच्या विनंत्या साधारणपणे एकाच पत्त्यावर जातात, तिथे हीच सोय वेगळी बांधावी लागते.

शॉपिफायने सक्ती का केली?

शॉपिफायची ॲप बाहेरचे लोक लिहितात. कुणाला फक्त साठा हवा, कुणाला फक्त ऑर्डर. इतक्या अनोळखी गिऱ्हाइकांसाठी ग्राफक्यूएल शोभतं. एका उत्पादनाला रंग-मापांचे १०० प्रकार ही जुनी मर्यादा २,००० वर नेताना शॉपिफायने ती सोय ग्राफक्यूएलमधूनच दिली.

यात भरडला जातो तो एकटा किंवा दोघा-तिघांचा चमू. वर्षानुवर्षं चाललेलं रेस्टचं ज्ञान नव्या ॲपला कामी येत नाही. जुनं ॲप नव्या सोयींसाठी पुन्हा लिहायचं, तर गिऱ्हाईक त्याचे जास्त पैसे देईलच असं नाही.

ज्यांची एकच वेबसाइट आहे आणि पुढची-मागची दोन्ही बाजू एकच चमू सांभाळतो, त्यांनी मोठ्यांचं बघून ग्राफक्यूएल आणणं म्हणजे घरच्या चौघांसाठी छापील मेनूकार्ड काढण्यासारखं आहे. बेसकॅम्प बनवणाऱ्यांनी तर डिसेंबर २०२० मध्ये हॉटवायर आणून उलटीच वाट धरली. तिथे पानाचा बदललेला तुकडा सर्व्हरच तयार करून पाठवतो.

गिटहबने मात्र ग्राफक्यूएल आणल्यावरही रेस्ट बंद केलेलं नाही. दोन्ही एपीआय चालू आहेत, काही कामं एकातच होतात, काही दुसऱ्यात. कुठलं कशासाठी वापरायचं हे डेव्हलपरने ठरवायचं, एवढंच गिटहब सांगतं.