समुद्र कोरा नव्हे

समुद्राच्या पृष्ठभागाची उष्णता आणि पाण्याचा रंग उपग्रहास आकाशातून टिपता येतो. उष्ण व शीत पाण्याचा जेथे संगम होतो तेथे बहुधा सूक्ष्म वनस्पती वाढतात आणि त्यांच्या पाठोपाठ मासळी येते. या आधारावर हैदराबादचे भारतीय राष्ट्रीय महासागर माहिती सेवा केंद्र मच्छीमारांस विनामूल्य सूचना देत असते. शास्त्राची ही सेवा खरोखर अभिमानास्पद होय.

परंतु मासळीचा नकाशा काढणाऱ्या सरकारपाशी मासेमारीचा नकाशा आहे काय? कोणत्या गावचे कोळी कोणत्या हंगामात कोणत्या पाण्यात जाळी लावतात, हे नागरिकांस पाहावयास मिळेल अशी सोय कोठे आहे? किनारा नियमनाच्या २०११ च्या अधिसूचनेने मासेमारीची व मत्स्यप्रजननाची क्षेत्रे आराखड्यात स्पष्ट दाखविण्यास सांगितले होते. प्रत्यक्षात योजनाकारांच्या कागदावर समुद्र म्हणजे निळा रंग फासलेली मोकळी जागा!

याचे फळ मुंबईकरांनी पाहिले आहे. वरळीस किनारा मार्गाच्या पुलाच्या दोन खांबांत ६० मीटर अंतर ठरले होते. होड्या जाणार कशा, असा प्रश्न करून कोळीबांधवांनी नेट धरला, तेव्हा २०२२ च्या अखेरीस १२० मीटर अंतर मान्य झाले. ज्या वाढवण बंदराची पायाभरणी २०२४ मध्ये झाली, त्यासाठी समुद्रात १,४४८ हेक्टर भराव व्हावयाचा आहे. यांत्रिक बोट उपग्रहाने दाखविलेल्या दूरच्या पाण्यात जाऊ शकेल. पण खुंटांना डोल जाळे बांधून बोंबील धरणाऱ्याने आपली जागा उचलून कोठे न्यावी?

कोळ्यांस नकाशाची धास्ती वाटते, हेही आम्ही जाणतो. हमखास मासळीची जागा परक्यास कोण सांगेल? आमचे व्यापारी तरी आपल्या वह्या कोणास दाखवितात? म्हणून एकेका होडीची जागा न उघडता गावनिहाय व हंगामनिहाय क्षेत्रे दाखवावीत, मच्छीमार सहकारी संस्थांकडून ती तपासून घ्यावीत, आणि पाण्याची उष्णता, गढूळपणा व प्रजननाच्या जागा यांची नोंद त्याच नकाशावर करावी. किनाऱ्यावरील पुढील कोणत्याही प्रकल्पाची जनसुनावणी होण्यापूर्वी हा नकाशा, मराठीत, जिल्हाधिकारी कचेरीच्या भिंतीवर लागला पाहिजे.